व्हायोलिनच्या सरांना शिकवायला कोणी शिकवलं?

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर झेरॉक्सच्या दुकानावर एक पाटी आहे. ‘व्हायोलिन, सतार, गिटार, की-बोर्ड. सर्व वयोगटांसाठी. परीक्षांची तयारी करून घेतली जाईल.’ खाली सरांचं नाव, नावापुढे ‘संगीत विशारद’, त्याखाली ‘आकाशवाणी कलाकार, बी हाय’ आणि कोपऱ्यात मागाहून रंगवलेलं ‘ग्रेड ८’. बहिणीला तिच्या सात वर्षांच्या मुलीला व्हायोलिनला घालायचं होतं. तिने पाटीचा फोटो पाठवला आणि विचारलं, “दादा, यातलं काय बघायचं असतं रे?”

मी शाळेत असल्यापासून, मध्ये मोठमोठ्या सुट्ट्या घेत, तीन जणांकडे व्हायोलिन शिकलोय. तरी मला झटकन उत्तर देता आलं नाही. पाटीवरचा एकही शब्द खोटा नव्हता. पण तिला जे हवं होतं ते तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. हा माणूस सात वर्षांच्या मुलीच्या हातात गज, म्हणजे तारांवर घासायची काठी, कसा देईल, हे तिला कळायला हवं होतं. पाटी सांगत होती ती त्याच्या स्वतःच्या हातात गज कसा चालतो याबद्दल.

शाळेत भूगोल शिकवायचा तर बी.एड. लागतं. मोटार शिकवायची तर परवाना लागतो. गल्लीत व्हायोलिन शिकवायला मात्र एक खोली, दोन खुर्च्या आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती पुरते. यात सगळं वाईटच आहे असं नाही. या मोकळीकीमुळेच आपल्याकडे तंतुवाद्यं शिकवणारी माणसं इतक्या वेगवेगळ्या वाटांनी आलेली दिसतात. वाटा ओळखता आल्या की पाटीही वाचता येते.

विशारद, बी हाय, ग्रेड ८

‘विशारद’ ही बहुतेक वेळा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची असते. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण अशी सात पायऱ्यांची ही शिडी आहे. त्याच्यावर अलंकारच्या दोन. ठरलेले राग, त्यांतल्या विलंबित आणि द्रुत गती (संथ आणि जलद रचना), आलाप-ताना, हातावर टाळी देऊन ताल बोलणं आणि वरच्या पायऱ्यांना शास्त्राचा लेखी पेपर, असं साधारण स्वरूप. नेटाने केलं तर सात-आठ वर्षं जातात आणि मुलगा पंधरा-वीस राग नीट ओळखीचे करून बाहेर पडतो. हे कमी नाही. पण परीक्षक समोर बसून ऐकतात ते त्याचं वाजवणं. ‘हा एक नवशिका, याच्या चुका सांग’ असं विशारदच्या परीक्षेत कोणी म्हणत नाही.

आता दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे सवलतीचे गुण मिळतात. त्यामुळे या शिडीवर गर्दी वाढली आणि कितीतरी क्लास वर्षभर परीक्षेच्या सहा-सात रागांभोवतीच फिरू लागले. तो शिक्षकांचा दोष म्हणायचा की पालकांचा, हे मी ठरवत बसत नाही.

‘आकाशवाणी बी हाय’ म्हणजे स्वरपरीक्षा देऊन मिळालेली श्रेणी. बी, बी हाय, ए आणि टॉप, अशा त्या चढत जातात. बी हाय मिळवणारा माणूस मैफलीत बसवण्याच्या लायकीचा नक्की असतो. इथेही मोजमाप वादनाचंच.

‘ग्रेड ८’ ही तिसरी दुनिया. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या किंवा ट्रिनिटीच्या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा मुंबई-पुण्यात आणि गोव्यात कित्येक पिढ्या देत आल्या आहेत. असोसिएटेड बोर्ड १८८९चं. तिथेही शिडीच, १ ते ८. असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षेत ठरलेल्या रचना, स्केल्स, समोर ठेवलेला अनोळखी कागद पाहून वाजवणं आणि कानाची परीक्षा असते. १५० पैकी १०० गुणांना पास. ग्रेड ५चा थिअरीचा पेपर झाल्याशिवाय ग्रेड ६ला बसता येत नाही. या दुनियेत एक गोष्ट मात्र वेगळी आहे. ग्रेड ८ नंतरच्या पदविकांमध्ये वादनाची वाट निराळी आणि अध्यापनाची निराळी ठेवलेली आहे. अध्यापनाच्या वाटेने जाणाऱ्याला शिकवण्याबद्दलच प्रश्न विचारतात: अमुक चूक का होते, तमुक वयाच्या मुलाला काय द्याल, ही रचना शिकवताना आधी कशाची तयारी करून घ्याल. म्हणून पाटीवर पदविका दिसली तर कुठल्या वाटेची, एवढं विचारायला हरकत नाही. नुसतं ‘ग्रेड ८’ असेल तर तो चांगला विद्यार्थी होता, इतकंच समजायचं.

विद्यापीठाची बी.ए., एम.ए. संगीत हीदेखील एक वाट आहे. तिच्यात इतिहास, शास्त्र, संशोधन यांची शिस्त येते. गल्लीतल्या क्लासात तिचा उपयोग किती होतो, हे त्या त्या माणसावर.

ज्यांच्या पाटीवर काहीच नसतं

माझे पहिले सर एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले कारकून होते. कीर्तनात साथ करत. परीक्षा एकही नाही. ते एका गायकाकडे शिकले होते, आणि आपल्याकडच्या व्हायोलिनवाल्यांमध्ये ही गोष्ट मुळीच विरळा नाही. सतारीला घराण्यांची परंपरा आहे, बैठक ठरलेली आहे, तार छेडायची नखी बोटात कशी घालायची, छेडण्याच्या बोलांतला ‘दा’ कुठला आणि ‘रा’ कुठला, हे पिढ्यान्‌पिढ्या घोटलेलं आहे. मसीतखानी गत, म्हणजे सतारीवरची संथ लयीतली ठरावीक रचना, बाराव्या मात्रेवर ‘दिर दा दिर दा रा’ अशी उठते, हे मिरजेत शिका नाहीतर मध्य प्रदेशातल्या मैहरला, तेच. व्हायोलिनचं तसं नाही. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कर्नाटक संगीतात आणलं. हिंदुस्थानी संगीतात ते रुजलं विसाव्या शतकात, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांदेखत.

रुजवणाऱ्यांपैकी एक गजाननराव जोशी. १९११चा जन्म, मुळात ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही गायकींत मुरलेले गवई. व्हायोलिन ते स्वतःच्या बळावर शिकले. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांनाही तालीम मिळाली त्यात श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे गायक होते. म्हणजे वाद्य परदेशी, गळा देशी, आणि हाताचं तंत्र ज्याने त्याने आपापलं शोधलेलं. पाश्चात्त्य वादक उभा राहून हनुवटीखाली वाद्य धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं डोकं उजव्या पावलाच्या घोट्यावर टेकवतो, म्हणजे डावा हात भार उचलण्यातून मोकळा होतो आणि मींडेला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, तारेवर वरखाली सरकू शकतो. तारा जी-डी-ए-ई अशा न लावता षड्ज-पंचमाच्या (सा-प) हिशेबात लावतो. हे सगळं आज ‘परंपरा’ वाटतं, पण ते तीन-चार पिढ्यांत जुळवलेलं आहे. म्हणून दोन हिंदुस्थानी व्हायोलिन शिक्षकांची गज धरण्याची रीत बघितली तर कधीकधी ती दोन वेगळ्या वाद्यांची वाटते. कोण चूक, कोण बरोबर असा तिथे निकाल नाही. ज्याच्या गुरूने जशी वाट काढली तशी ती खाली आली.

गाण्याकडून आलेल्या शिक्षकाचा एक मोठा फायदा असतो. तो आधी गाऊन घेतो. माझ्या सरांनी यमनची पहिली बंदिश मला दोन महिने नुसती गायला लावली. तारेवर बोट कुठे पडायला हवं, हे कानाने आधीच ठरवून टाकलं होतं. तोटा असा, की हाताकडे त्यांचं लक्षच नव्हतं. माझा डावा अंगठा वाद्याची मान चिमट्यात धरल्यासारखा आवळत असे. सुरात वाजतंय ना, मग झालं. तो अंगठा सोडवायला पुढे दुसऱ्या शिक्षकांना दोन वर्षं लागली.

मेस्त्री

गोव्याची गोष्ट वेगळी आणि जरा निवांत सांगण्यासारखी आहे. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळा होत्या आणि त्यांत प्रार्थनेबरोबर संगीत शिकवलं जाई. शिकवणाऱ्याला म्हणत मेस्त्री. आपल्याकडे सुतारकाम, गवंडीकाम करणाऱ्याला मेस्त्री म्हणतात तो हाच शब्द, पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आलेला. गोव्यातल्या मेस्त्रीचं काम सुताराइतकंच ठोकपीट करून घडवण्याचं होतं. तो चर्चचा गायकवृंद सांभाळी, मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) व्हायोलिन वाजवी, फेस्ताला (सणाला) आणि मयताला वाजवी, आणि दुपारी गावातल्या पोरांना शिकवी.

त्याच्या शिकवण्याला क्रम होता. आधी सोल्फेजो, म्हणजे कागदावरच्या खुणा बघून ‘दो रे मी’ मोठ्याने गायचे, हाताने ताल द्यायचा. ते पक्कं झालं की मग हातात व्हायोलिन. एका गावच्या मेस्त्रीकडून दुसऱ्या गावचा मेस्त्री तयार होई. कागद बघून वाजवता येणारी माणसं त्यामुळे गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकली आणि ती पुढे लष्करी बँडांत, बोटींवर, हॉटेलांत आणि शेवटी मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत गेली. हिंदी सिनेमाच्या गाण्यामागे चाळीस व्हायोलिनं एकदम उठतात ना, तिथे समोर लिहिलेला कागद लागतो, आणि तो वाचता येणारी माणसं लागतात.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलं ठळक नाव. जन्म १९२७चा. वडील गावच्या चर्चचे मेस्त्री, पहिलं शिक्षण त्यांच्याचकडे. मुंबईत अँथनी स्टुडिओत वाजवत, संगीतरचना करत आणि घरी शिकवत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, राहुलदेव बर्मनही त्यांचे विद्यार्थी. (१९७७च्या एका तुफान चाललेल्या चित्रपटात नायकाला त्यांचं नाव दिलं गेलं, ते प्यारेलालांच्या गुरुदक्षिणेपोटी.) त्याच काळात प्यारेलालांचे वडील, ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मा, स्टुडिओतल्या कितीतरी नवख्यांना नोटेशन वाचायला शिकवत होते. कुठलीही पाटी नाही, पदविका नाही, पण शिकवण्याची एक साखळी.

नव्वदीत सिंथेसायझर आणि संगणक आले आणि चाळीस व्हायोलिनांचं काम एका की-बोर्डावर भागू लागलं. स्टुडिओतली रोजची बोलावणी आटली. कितीतरी वादक तेव्हा शिकवण्याकडे वळले. माझे दुसरे सर त्यांच्यातलेच. त्यांना कशानेही भीती वाटत नसे: कुठलाही कागद, कुठलीही पट्टी, लगेच. पण स्टुडिओत ‘लगेच’ जमायला लागतं आणि नवशिक्याला ते जमत नाही, हे त्यांना खूप उशिरा कळलं. पहिल्याच महिन्यात मी पळत सुटलो होतो. पुढे ते शांत झाले. त्यांनीच माझा अंगठा सोडवला.

किंचाळीचं निदान

वाजवणं आणि शिकवणं यांत नेमकं अंतर काय, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. गजाच्या उदाहरणाने बरंच सोपं होतं.

नवशिक्याच्या व्हायोलिनमधून निघणारा आवाज घरात सगळ्यांना एकसारखाच भयंकर वाटतो. शिक्षकाच्या कानाला त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी ऐकू यायला हव्यात: गज किती वेगाने चाललाय, तारेवर किती वजन पडतंय, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीपासून किती अंतरावर घासतोय आणि तारेशी काटकोन राहतोय का. वजन जास्त आणि वेग कमी, तर करकर येते, दार उघडल्यासारखी. वजन कमी आणि गज घोडीच्या फार जवळ, तर शिट्टी. गज बोटपट्टीकडे घसरला आणि वेग वाढला, तर आवाज पोकळ, श्वास टाकल्यासारखा. गज तिरका गेला, तर तो आपोआप सरकत राहतो आणि एकाच फटकाऱ्यात आवाज तीन रूपं बदलतो. आणखी एक शक्यता असते, की यातलं काहीच नाही, मुलाने गजाला राळ लावलेलीच नाही.

पट्टीचा वादक हे चारही धागे न कळत सांभाळतो. तीस वर्षांच्या रियाजाने त्याच्या हातातून विचार निघून गेलेला असतो, आणि नेमकी हीच शिकवतानाची अडचण. ‘गज कसा धरायचा?’ विचारलं तर तो गज उचलतो आणि म्हणतो, “असा.” ‘असा’ म्हणजे अंगठा वाकलेला, करंगळी टोकावर गोल टेकलेली, मनगट सैल, खांदा खाली, हे त्याला वेगळं दिसतच नाही. शिकवणाऱ्याला ते पुन्हा सुटंसुटं करावं लागतं, योग्य क्रमाने मांडावं लागतं आणि समोरच्या मुलाच्या हातातली नेमकी कुठली कडी सुटली आहे ते ओळखावं लागतं. करकर ऐकून ‘हलक्या हाताने’ म्हणणारे पुष्कळ. पण मूल हात हलका करतं तेव्हा ते खांदा वर उचलतं, आणि मग खांदा दुखायला लागतो. चांगला शिक्षक करकर ऐकून कधीकधी गजाला हातच लावत नाही. मुलाला फक्त गज जरा लांब ओढायला सांगतो. वेग वाढला, करकर गेली, खांदा जागेवर राहिला.

शिवाय लहान मुलाला लहान वाद्य लागतं. व्हायोलिनं सोळाव्या हिश्शापासून आठवा, पाव, अर्धा, पाऊण करत पूर्ण मापापर्यंत येतात. ‘पुढे मोठं घ्यावंच लागेल’ म्हणून पूर्ण मापाचं घेऊन देणाऱ्या आईबाबांना समजावणं, हाही शिक्षकाच्या कामाचाच भाग. मिरजेत सतार घडवणारे कारागीर हातांची लांबी बघून वाद्य सुचवतात. व्हायोलिनच्या दुकानात ते भाग्य क्वचित.

मग हे सगळं आपले शिक्षक कुठे शिकतात? माझ्या मते, पहिल्या पाच-दहा विद्यार्थ्यांवर. ते विद्यार्थी बिचारे सरावाच्या पाटीसारखे असतात.

शिकवायला शिकवण्याचे प्रयोग

असं नसावं, असं वाटणारी माणसं आपल्याकडेच झाली, हे बहुतेकांच्या गावी नसतं. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांना नुसते गवई नको होते, शिकवणारे हवे होते. त्यासाठी त्यांनी ‘उपदेशक वर्ग’ चालवला: मुलांनी संस्थेत राहायचं, जेवणखाण संस्थेचं, शिक्षण विनामूल्य, आणि बदल्यात तयार झाल्यावर संगीत शिकवत, पसरवत राहायचं. वरच्या वर्गातले विद्यार्थी खालच्यांना शिकवत. ओंकारनाथ ठाकूर ऐन विशीत लाहोरच्या शाखेचे मुख्य झाले ते याच घडणीतून. त्यांचेच शिष्य विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा काढली. पाटीवर विशारद लिहिताना आपण ज्या मंडळाचं नाव घेतो, ते १९३१मध्ये पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी उभं केलं. गंमत अशी, की आपण परीक्षांची शिडी मनापासून जपली आणि उपदेशक वर्गाची कल्पना मात्र गल्लीतल्या क्लासापर्यंत कधी पोहोचली नाही.

मैहरचं उदाहरण आणखी निराळं. १९१८च्या साथीनंतर अनाथ झालेल्या मुलांना गोळा करून अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी वाद्यवृंद बांधला, तो मैहर बँड. दरबारचा उस्ताद, ज्याच्याकडे पुढे रविशंकर आणि अली अकबर घडले, तो रोज अनाथ पोरांच्या घोळक्याला सूर लावायला शिकवत होता. एकाला शिकवणं आणि वीस जणांना एकदम शिकवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. खाँसाहेबांना दोन्ही साधली होती, आणि रागही जबरदस्त होता म्हणतात.

जपानमधले शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) हे या बाबतीतलं जगातलं सगळ्यात परिचित नाव. वडिलांचा नागोयात व्हायोलिनचा कारखाना, स्वतः बर्लिनला शिकलेले, आणि महायुद्धानंतर मात्सुमोतो गावी मुलांना शिकवणारे. मूल मातृभाषा शिकतं तसं संगीत शिकेल, ही त्यांची भूमिका: आधी भरपूर ऐकणं, मग नक्कल, वाचन नंतर, आणि पहिल्या दिवसापासून आई किंवा बाबा वर्गात बसलेले. बोलण्यातून याची नेहमी ‘लहान मुलांची पद्धत’ एवढीच ओळख होते. माझ्या लेखी तिची खरी ताकद शिक्षकाच्या तयारीत आहे. पुस्तकं क्रमाने लावलेली आहेत, आणि शिक्षकालाही पुस्तकागणिक प्रशिक्षण घ्यावं लागतं: ते कसं शिकवायचं यावर अभ्यास, आणि अनुभवी शिक्षकाच्या वर्गात तासन्‌तास नुसतं बसून बघणं. चांगला वाजवतो म्हणून यातून सुटका नाही.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिनमध्ये १९४८पासून आणखी सरळ उपाय केला. संगीताच्या पदवीचे विद्यार्थी गावातल्या मुलांना तंतुवाद्यं शिकवतात आणि त्यांचे प्राध्यापक ते शिकवणं बघतात, नंतर बोलावून सांगतात. मुलांना कमी पैशांत वर्ग मिळतो, विद्यार्थ्याला चुका करायला सुरक्षित जागा मिळते. फिलिस यंग या बाईंनी अनेक दशकं तो प्रकल्प चालवला आणि पुढे दुसऱ्या विद्यापीठांनीही तो उचलला. माझे मामेभाऊ तिकडे आहेत. त्यांच्या मुलाला सरकारी शाळेत चौथीपासून व्हायोलिन होतं, फुकट, आणि त्याच्या शिक्षिकेला व्हायोलिनबरोबर व्हायोला, चेलो, डबल बेस असं सगळं थोडंथोडं वाजवता यायला लागायचं, शिवाय शाळेत शिकवण्याचा राज्याचा परवाना. रविवारी तो मुलगा मराठी मंडळाच्या ओळखीतल्या एका ताईंकडे यमन वाजवायला जायचा, आणि वाद्य सोमवारी हनुवटीखाली, रविवारी पायावर. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आपल्याकडेही हालचाल आहे. मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेत २००६मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, त्यात सुरुवातीला बाहेरदेशचे, मुख्यतः कझाकस्तानचे वादक मोठ्या संख्येने होते. पुढे ऑर्केस्ट्राने लहान मुलांसाठी स्वतःची अकादमी काढली, कारण वीस वर्षांनी खुर्च्यांवर बसायला माणसं आजच तयार करायला लागतात. गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी २००९मध्ये चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन सुरू केलं, वंचित घरांतल्या मुलांना व्हायोलिन-चेलो शिकवण्यासाठी. ज्या भूमीत गावागावात मेस्त्री होता, तिथेच आता संस्था काढून हे करावं लागतं, हे मला वाचताना जरा टोचलं होतं.

पेन्सिल

बहिणीला मी शेवटी एवढंच सांगितलं, की फी भरण्याआधी एक तास नुसतं बसून बघू दे म्हणून विचार. नाही म्हणाले तर पुढची पाटी बघू. सर हो म्हणाले.

आम्ही गेलो तेव्हा एक कॉलेजातला मुलगा भूप वाजवत होता. सर त्याच्या समोर न बसता उजवीकडे, जरा मागे बसले होते. तिथून गज तिरका जातो का ते दिसतं. वाद्य मुलाने स्वतः लावलं. सरांनी खुंट्यांना हात लावला नाही, फक्त तंबोऱ्याच्या ॲपचा आवाज वाढवला. त्याला पाच मिनिटं लागली, तरी थांबले. हे मला पाटीवरच्या तिन्ही ओळींपेक्षा जास्त आवडलं.

नंतर बहिणीने विचारलं, “सर, तुम्ही कुणाकडे शिकलात?” त्यावर गुरुजींच्या आठवणी पाऊण तास चालल्या असत्या. मी मध्येच विचारलं, शिकवायला कधीपासून लागलात? ते हसले. “एकोणीस वर्षांचा होतो. पहिली विद्यार्थिनी माझी आतेबहीण. तिच्या डाव्या हाताचं मी पार वाटोळं केलं. अजून दिवाळीला भेटली की ते बोट दाखवते.” मग कसं सुधारलात? तर एका शाळेत संगीत शिकवणाऱ्या वयस्क बाईंच्या वर्गात ते दोन वर्षं शनिवारी मागच्या बाकावर जाऊन बसत. कोणी सांगितलं नव्हतं. पाटीवर ते लिहायचं कसं, हाही प्रश्नच.

भाचीला त्या दिवशी व्हायोलिन मिळालं नाही. सरांनी तिला एक पेन्सिल दिली, तिच्यावर अंगठा वाकवून ठेवायला लावला, तीन बोटं वरून सोडली, करंगळी गोल करून टोकावर बसवली आणि म्हणाले, आता आगगाडीच्या इंजिनाच्या दांड्यासारखं पुढेमागे. करंगळी सरळ झाली की गाडी रुळावरून घसरली. एवढंच आठवडाभर. ही पेन्सिल तुझी.

बहिणीचं तोंड जरा पडलं, तिने छोट्या व्हायोलिनची चौकशी दुकानात करून ठेवली होती. स्कूटरवर मधे बसून भाचीने घरापर्यंत पेन्सिल तशीच धरून ठेवली. जिन्यात मी वाकून बघितलं. अंगठा वाकलेला होता, तिन्ही बोटं जागच्या जागी होती. करंगळी मात्र केव्हाच घसरून सरळ झाली होती.